पहिल्या पाटीचा मान

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा शहरांना तट असायचे, दिवस मावळला की वेशीची दारं लागायची, आणि राजा इतका लांब राहायचा की दवंडी पिटली गेली तरच लोकांना त्याची आठवण व्हायची.

त्या काळी एक शहर होतं. फार मोठं नव्हतं, अगदी लहानही नव्हतं. बाजारात अनोळखी माणूस दिसला तर कुणी वळून बघत नसे, पण कुणाच्या घरी मयत झाली तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं. शहराला दोन पेठा होत्या. चढावर वरची पेठ, उताराला खालची पेठ. वरच्या पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांवर ठोके पडायचे, खालच्या पेठेत मागांचा खटखटाट चालायचा. आणि दोन्ही पेठांच्या वर, टेकडीच्या कुशीत, एक तळं होतं.

त्या तळ्यातून खापराच्या नळांनी पाणी खाली यायचं आणि चौकाचौकांतल्या दगडी हौदांत पडायचं. लोक तेच पाणी प्यायचे, त्यातच सूत भिजवायचे, त्यानेच भांडी घासायचे. तळं कुणी खणलं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. बाळांनो, घोळ झाला तो इथेच. कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाची खात्री होती.

दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सगळं शहर तळ्यावर जमायचं आणि गाळ काढायचं. गाळाची पहिली पाटी उचलायचा एक मान असायचा. त्या पाटीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मानकऱ्याने ती डोक्यावर घेऊन बांधापलीकडे रिती करायची, आणि मग बाकीच्यांनी फावड्याला हात घालायचा. पूर्वी जमलेल्यांतला जो सगळ्यांत म्हातारा असेल तो ती पाटी उचलायचा. कुणी त्याचा फार विचार करत नसे.

मग एका वर्षी वरची पेठ म्हणाली, "तळं आमच्या वाडवडलांनी खणलं. पहिली पाटी आमची."

खालची पेठ म्हणाली, "वाडवडील तुमचे नव्हते, आमचे होते. पाटी आमची."

त्या वर्षी पाटी उचललीच गेली नाही. आणि पहिली पाटी उचलल्याशिवाय दुसरी कशी उचलणार? लोक फावडी खांद्यावर टाकून घरी परतले.

हा वाद सुरू होऊन काही वर्षं झाली, तेव्हा रायाजी शेटे म्हणून चावडीवर आला. शहराचा कारभार एक सभा बघायची. दोन्ही पेठांची जाणती माणसं त्या सभेत बसायची, आणि त्यांच्या मधोमध, घोंगडीवर, शेटे, म्हणजे सभेचा प्रमुख, बसायचा. रायाजी तेव्हा जवान होता. कामाची हौस होती. त्याला वाटलं, एवढासा तर वाद आहे, एका बैठकीत मिटवून टाकू.

त्याने वरच्या पेठेच्या धाररावाला बोलावलं आणि खालच्या पेठेच्या केरोबाला बोलावलं. धारराव आडदांड माणूस, बोलायला लागला की चावडीच्या कौलांवरची कबुतरं उडायची. केरोबा सडपातळ, हळू बोलायचा, आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरून यायचे. दोघांचंही आपापल्या पेठेत चांगलं नाव होतं. दोघेही वाईट नव्हते.

रायाजी म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू."

"मान काय चिठ्ठीत निघतो?" धारराव गरजला.

"मग दोघांनी मिळून एक पाटी उचला."

"एका पाटीला दोन घरांचे हात लागले," केरोबा डोळे पुसत म्हणाला, "तर आमचे पूर्वज वरून काय म्हणतील?"

"मग पूर्वीसारखं करू. सगळ्यांत म्हातारा असेल त्याने उचलावी."

यावर दोन्ही पेठांनी आपापले म्हातारे पुढे आणले आणि कुणाचा म्हातारा जास्त म्हातारा यावर दुपार गेली. साक्षी झाल्या, शपथा झाल्या. एक म्हातारा तर बसल्या जागी झोपी गेला. शेवटी रायाजीचं डोकं ठणकायला लागलं आणि तो सहज बोलून गेला, "जाऊ द्या. निकाल पुढच्या वर्षी देऊ."

आणि नवल बघा. चावडी एकदम शांत झाली. धाररावाने पागोटं सारखं केलं. केरोबाने डोळे पुसले. कुणी हरलं नव्हतं. जाता जाता दोघांनीही रायाजीला रामराम केला. बाहेर पारावर बसलेले लोक म्हणाले, "शेटे शहाणा आहे. कुणाचं मन दुखवत नाही."

ते शब्द रायाजीने ऐकले, आणि त्याला ते गोड लागले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही. चैत्रात सभा भरायची, धारराव गरजायचा, केरोबा रडायचा, आणि ऊन उतरायला लागलं की शेटे म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." हळूहळू लोकांना ते वाक्य सणासारखं ओळखीचं झालं. ते ऐकलं की सगळे उठायचे, अंग झटकायचे आणि घरी जेवायला जायचे.

रायाजीचे केस पिकले. त्याला एक कटकट असती तर गोष्ट वेगळी. कुणाची म्हैस हौदात उतरली, कुणी ओटा रस्त्यावर वाढवला, कुणाच्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या वाळवणावर गेला, सगळे त्याच्याच दारात. सकाळी तो पागोटं बांधायचा ते ओझं उचलल्यासारखं. संध्याकाळी ते खुंटीला अडकवायचा आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. आपण करतो ते कुणाच्या उपयोगाचं आहे का, हा प्रश्न त्याला पूर्वी पडायचा. आता तोही पडेनासा झाला होता.

वर टेकडीवर तळं भरत चाललं होतं. पाण्याने नव्हे, गाळाने. कडेला लव्हाळे वाढले, मग मधे वाढले. ज्या डोहात पूर्वी पट्टीचे पोहणारे बुडी मारायचे, तिथे आता गुरं पोटापर्यंतच्या पाण्यात उभी राहायची. वरून बघणाऱ्याला ते छान हिरवंगार दिसायचं.

एका संध्याकाळी रायाजीची बायको हौसाबाई हौदावरून आली आणि रिकामी घागर तिने त्याच्यासमोर ठेवली.

"अहो, आज पाणी सुतासारखं येत होतं. बायका भांडायला लागल्या."

"उन्हाळा आहे," रायाजी म्हणाला.

"उन्हाळा दरवर्षी असतो. तळं गाळाने भरलंय. तुम्ही कधी गेला होतात वर?"

"गेलो होतो."

"मग?"

रायाजीने रिकामी घागर बाजूला सरकवली. मग म्हणाला, "अगं, मी वरच्यांच्या बाजूने बोललो तर खालचे चावडीची पायरी चढायचे नाहीत. खालच्यांच्या बाजूने बोललो तर वरचे. आज निदान सगळे एका घोंगडीवर बसतात तरी. ते मोडू?"

"एका घोंगडीवर बसून करता काय?" हौसाबाईने विचारलं. तिने चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रायाजीने पागोटं काढून खुंटीला अडकवलं. तो म्हणाला, "मी दमलोय गं." आणि ते खरं होतं. हौसाबाईने घागर उचलली आणि शेजारच्या आळीत पाणी मिळतं का ते बघायला गेली.

त्या शहरात जिऊमावशी नावाची एक सुईण राहायची. कडब्याच्या बाजाराला लागून तिची झोपडी होती. दोन्ही पेठांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्माला आली होती. धारराव, केरोबा आणि खुद्द रायाजीसुद्धा. त्यामुळे ती कुणालाच अहोजाहो करायची नाही.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. चैत्रातली सभा भरली, आणि धारराव उभा राहतो न राहतो तोच जिऊमावशी काठी टेकत चावडीत आली. बायकांनी सभेत यायची रीत नव्हती, पण तिला अडवणार कोण?

"अरे राया," ती म्हणाली, "काल मी एक बाळंतपण केलं. पोर रडलं, सगळं नीट झालं. अंघोळ घालायला पाणी मागितलं, तर घरात तांब्याभर पाणी नाही. ओल्या फडक्याने पुसलं मी ते लेकरू. एवढी वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं."

मावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"तुम्हा सगळ्यांना मी न्हाऊ घातलंय. तेव्हा मी कुणाला विचारलं नाही, हे पाणी वरच्या पेठेचं की खालच्या. पाटी कुणीही उचला रे. मला उचलता येत असती तर मीच उचलली असती."

रायाजी घोंगडीवर पुढे सरकला. त्याला वाटलं, आत्ता उठावं आणि सांगून टाकावं, उद्या सकाळी पाटी उचलायची, ज्याला राग येईल त्याला येऊ दे. शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात धारराव म्हणाला, "मावशी, तुझा मान आहेच. पण हा इतिहासाचा प्रश्न आहे."

"खरं आहे," केरोबा म्हणाला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं होतं.

चावडीत कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले. रायाजीने दोन्ही पेठांच्या माणसांकडे पाहिलं. त्याला पुढची सगळी दुपार दिसली. आरडाओरडा, साक्षी, शपथा, पंगतीला न येणारे लोक, दारात येऊन बसणारे सोयरे. त्याचे खांदे खाली आले.

"मावशी, यंदा उशीर झालाय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी नक्की बघू."

जिऊमावशी वळली. मग ती काठी टेकत निघून गेली.

वैशाखात, भर दुपारी, कडब्याच्या बाजाराला आग लागली.

ठिणगी कुठून उडाली ते कळलं नाही. वारा वरून खाली वाहत होता. कडब्याच्या गंजी पेटल्या, मग शेजारची छपरं पेटली. लोक हंडे, घागरी, कढया, मिळेल ते घेऊन हौदाकडे धावले. हौदाच्या तळाला चिखल होता. दुसऱ्या चौकातल्या हौदाकडे धावले, तिथेही चिखल. खापराच्या नळाच्या तोंडाला माणसं कान लावून बसली. आत काही वाजत नव्हतं. काही जण तळ्यापर्यंत पळत गेले आणि मधल्या लव्हाळ्यांत गुडघाभर रुतून बसले.

रायाजी सगळ्यांच्या पुढे होता. त्याने ओंजळीने चिखल काढला, पोत्यात भरला, जळत्या छपरांवर फेकला. त्याच्या शेजारी धारराव होता, पलीकडे केरोबाची मुलं होती. त्या दुपारी कुणी कुणाला पेठ विचारली नाही. पण चिखलाने आग किती विझणार? जाळायला काही उरलं नाही, तेव्हा ती आपोआप विझली.

खालच्या पेठेतले माग गेले. बाजाराजवळची वरच्या पेठेची कोठारं गेली. आणि कडब्याच्या बाजाराला लागून असलेल्या त्या झोपडीत जिऊमावशी गेली. ती दुपारची आडवी झाली होती, असं शेजारणीने सांगितलं. तिला खांदा द्यायला एवढी माणसं आली की तिरडी हातोहात पुढे गेली. रायाजीला खांदा द्यायला मिळाला नाही. तो मागून चालत राहिला.

मावशीचं दिवसकार्य झालं आणि चावडीवर सभा भरली. चावडीच्या भिंती काळ्या झाल्या होत्या. माणसं काळी झाली होती. रायाजी घोंगडीवर येऊन बसला. त्याला वाटलं होतं, आज तरी कुणी भांडणार नाही.

धारराव उभा राहिला. "शहर पाण्याविना जळालं. याचा जाब कुणीतरी द्यायला हवा. तळं ज्यांचं, त्यांनी ते राखायला हवं होतं. खालच्या पेठेने भरल्या सभेत किती वेळा सांगितलं, तळं आमच्या वाडवडलांचं. मग त्यांनी गाळ का नाही काढला?"

केरोबा ताडकन उठला. या वेळी त्याचे डोळे कोरडे होते. "आमचं? तळं तुमचं म्हणून तुम्हीच तर गरजत होतात! आम्ही गरीब माणसं, आम्ही कसलं तळं खणणार? ते तुमच्याच पूर्वजांचं."

"मुळीच नाही. आमचे पूर्वज बाहेरून आले. तळं त्याआधीचं आहे."

"आणि आमचे तर तुमच्याही नंतर आले!"

दोन्ही पेठांची माणसं माना हलवू लागली. हो, हो, तळं त्यांचंच. आमचं कधीच नव्हतं. ज्या तोंडांनी इतकी वर्षं शपथा घेतल्या, त्याच तोंडांनी त्या शपथा परत घेतल्या जात होत्या.

रायाजी ऐकत होता. आधी त्याला हसू आलं. मग त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तो सगळ्यांसमोर रडला. म्हातारा शेटे रडतोय हे बघून सभा हळूहळू गप्प झाली.

"झालं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला निकाल देता आला नाही, तो आज तुम्हीच दिलात. तळं वरच्यांचं नाही, असं वरचे म्हणतात. खालच्यांचं नाही, असं खालचे म्हणतात. मी दोघांचंही मान्य करतो. आजपासून पहिल्या पाटीचा मान कुणालाच नाही. हळदकुंकू नाही, नारळ नाही. ज्याला पाणी प्यायचं असेल त्याने उद्या तळ्यावर यावं."

"आणि जाब कोण देणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी. गाळ काढायला हवा हे मला दिसत होतं. तुम्ही तरी रागाने आंधळे होतात, मी तर डोळ्यांनी बघत होतो. तुमच्या आवाजाला भ्यालो आणि त्यालाच शांतता म्हणत बसलो. मावशीने मला विचारलं होतं, आणि मी तिला पुढच्या वर्षी बघू म्हटलं." त्याने पागोटं घोंगडीवरच ठेवलं आणि तो उघड्या डोक्याने घरी गेला.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी सगळं शहर तळ्यावर लोटलं असेल. तसं काही झालं नाही. रायाजी गेला, हौसाबाई गेली. ज्यांची घरं जळाली होती अशी काही कुटुंबं आली, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती. धारराव आला नाही. त्याने सामान गाड्यांवर चढवलं आणि तो नदीपलीकडच्या शहरात राहायला गेला. त्याच्या मागोमाग बरीच घरं गेली. खालच्या पेठेतले कितीतरी विणकरही जिथे पाणी होतं तिथे गेले.

केरोबा पुढे कधीतरी आला. बांधावर बसला आणि खणणाऱ्यांकडे बघत राहिला.

"शेटे, माझ्याच्याने पाटी उचलवत नाही आता," तो म्हणाला. "माझ्या वाटची पाटी माझी सून उचलेल. चालेल का?"

"चालेल की," रायाजी म्हणाला. "आणि शेटे म्हणू नकोस. चावडीवर आता दुसरा माणूस बसतो."

काम सोपं नव्हतं. गाळ वेळच्या वेळी काढला असता तर फावड्याने निघाला असता. आता कडेचा गाळ उन्हाने तापून दगडासारखा झाला होता. लव्हाळ्यांच्या मुळांनी त्याला घट्ट विणून टाकलं होतं. कुदळी वाकायच्या. काही वर्षं पावसाळ्याआधी तेवढेच लोक यायचे, तेवढंच खणायचे. मधला डोह कुणालाच मोकळा करता आला नाही. तो तसाच राहिला, आणि पुढे त्यावर बाभळी उगवल्या.

रायाजी फार वर्षं जगला नाही. तो गेला तेव्हा तळ्याचा एक कोपरा मोकळा झाला होता, आणि एका चौकातल्या हौदात पुन्हा पाणी पडायला लागलं होतं. जे लोक मागे राहिले होते त्यांना तेवढं पुरायचं. जे गेले ते परत आले नाहीत. शहर अर्धं झालं ते अर्धंच राहिलं, आणि रिकाम्या आळ्यांमधून लोक गुरं चारू लागले.

बोध: सगळ्यांच्या वस्तूवर हक्क सांगायला सगळेच पुढे येतात, पण जे तिची निगा राखतात तेच तिचे धनी, आणि ती निगासुद्धा वेळ टळून गेल्यावर राखली तर जेवढं उरलं असेल तेवढंच वाचवते.